दोरवाटेची वाटणी: पहिली ते आठवी

मी, या कागदाच्या तळाशी सही करणारी, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा दोर वळणे, शिक्षण अर्धी तिसरी, राहणार दोरवाटेच्या तोंडाशी असलेल्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. "कोणाच्याही दडपणाखाली न येता" असं वकीलसाहेबांनी इथे घातलं आहे. राहू दे. माझ्यावर दडपण आणू शकेल असं या घरात एकच माणूस होतं, माझा बाप, आणि त्याला जाऊन पन्नास वर्षं झाली. माझा डावा डोळा अधू आहे, गुडघे गेलेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहिण्याआधी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने मागे राहिलंय तेही सांगितलं.

हे मी तोंडी सांगितलं, वकीलसाहेबांनी उतरवून घेतलं आणि मला दोनदा वाचून दाखवलं. जड शब्द त्यांचे, बाकीचे माझे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं म्हणून कुणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

हे करायचं कारण एकच. घरामागे नव्वद पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी जी जमिनीची पट्टी आहे, जिला आम्ही दोरवाट म्हणतो, ती माझ्यामागे कुणाची हा प्रश्न आहे. तिच्यावर तिघांचा डोळा आहे. माझ्या मुलाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा आणि माझ्या नातीचा. तिघंही मी जायची वाट बघत नाहीत, एवढी माणसं चांगली आहेत. पण मी बघते, म्हणून लिहून ठेवते.

कलम पहिले: घर, बँक, कपाट

दोन्ही खोल्या, त्यांतलं सामान आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या मुलाला. सुनेला माझं लोखंडी कपाट, किल्लीसकट. त्यात काय आहे याची तिला लग्न होऊन आल्यापासून उत्सुकता आहे. काही नाही. जुन्या चादरी आहेत.

मुलाला दोरवाट मिळणार नाही. त्याला तिथे गाड्या उभ्या करायला जागा भाड्याने द्यायची आहे. मध्ये एकदा येऊन म्हणाला, "आई, अठरा गाड्या सहज बसतील."

"मोजलंस?"

"पावलं टाकून मोजलं."

"मग अठरा मोटारींपैकी एकीत बसून मला फिरवून आण, म्हणजे कळेल तुला आईची किती काळजी आहे."

त्याने खरंच आणलं फिरवून. त्यामुळे त्याच्यावर माझा राग नाही. त्याला हवं ते त्याने तोंडावर मागितलं, आणि मी तोंडावर नाही म्हटलं. हिशेब मिटला. माझं दुखणं दुसरीकडे आहे.

कलम दुसरे: दुखणं

माझी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. सगळे तिला बाई म्हणतात. मीही म्हणते, पण माझ्या तोंडून ते वेगळं ऐकू येतं असं तिचं म्हणणं आहे. बरोबर आहे.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एक चाक फिरवतं. दुसरं कमरेला तागाचा गुच्छ बांधतं, बोटांतून धागा सोडत जातं आणि उलटं चालतं, नव्वद पावलं, मागे न बघता. बाप उलटा चालायचा, आई चाक फिरवायची. आई गेली तेव्हा मी तिसरीत होते, धाकटी पहिलीत. बापाने आम्हा दोघींना चाकाजवळ उभं केलं. माझा हात मुठीला पुरला. तिचा वीतभर खाली राहिला. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि मी चाकावर. यापेक्षा जास्त विचार त्या घरात कुणी केला नाही. पुढच्या वर्षी तिचाही हात पुरायला लागला होता, पण तोवर तिचा पहिला नंबर आला होता, आणि पहिला नंबर आलेल्या पोरीला चाकावर कोण बसवणार?

शाळेतून आली की ती दोरवाटेच्या कडेला दगडावर बसायची आणि धडे मोठमोठ्याने वाचायची. मी फिरवते आहे, ती वाचते आहे. मला वाटायचं, मुद्दाम करते. साठ वर्षांनी एकदा मी तिला तसं म्हटलंदेखील.

"अगं ताई, तुला ऐकू यावं म्हणून मोठ्याने वाचायचे मी!"

"मला ऐकायचं होतं असं तुला कोण म्हणालं?"

मला ऐकायचं होतं. पण ते तिला ठरवायचा काय अधिकार?

वकीलसाहेब विचारतात, याचा मालमत्तेशी संबंध काय. संबंध आहे. पुढे या.

कलम तिसरे: जाडी वही आणि फोटो

बावीस वर्षांपूर्वी बाईंच्या डोक्यात आलं, की मुलांना गणित वेगळं, भाषा वेगळी, विज्ञान वेगळं असं तुकड्यांनी शिकवायचं नाही. चार महिने एकच गोष्ट धरायची आणि सगळं त्या एका गोष्टीतून शिकवायचं. पहिली ते आठवी, सगळ्या इयत्तांनी तीच गोष्ट, ज्याची त्याची झेप बघून. कल्पना चांगली होती. मला त्याच दिवशी कळलं की चांगली आहे, म्हणून तर माझ्या पोटात दुखलं.

पहिली गोष्ट तिने कुठली धरली? दोर.

चाळीस मुलं घेऊन दोरवाटेवर आली. मी वळून दाखवलं, मुलांना वळायला लावलं, चाकात बोट घालणाऱ्यांना ओरडले. ती कडेला उभी राहून वहीत लिहीत होती. आठवडाभर हेच. मग त्याची जाडी वही झाली, वहीचं पुस्तक झालं, पुस्तक आणखी कितीतरी शाळांनी घेतलं. वर तिचं नाव. आत आभाराच्या पानावर, फळे करणाऱ्या सुताराच्या आणि पाणी देणाऱ्या शिपायाच्या मध्ये, "एक स्थानिक कारागीर".

ती मी.

मी विचारलं, "बाई, हा स्थानिक कारागीर कोण गं? ओळखीचा वाटतो."

"ताई, सख्ख्या बहिणीचं नाव घातलं तर लोक म्हणाले असते, घरच्यांचीच वर्णी लावली."

म्हणजे मी परकी असते तर माझं नाव आलं असतं.

तेव्हाचा एक फोटोही आहे, तिच्या बाहेरच्या खोलीत लावलेला. मुलं, मोठे साहेब, आणि मध्ये ती, हातात माझा दोर. उजव्या कडेला एक कोपर आहे. ते माझं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती फोटो दाखवते आणि मी तिथे असले की म्हणते, "आणि ही आमची ताई." लोक फोटोत शोधत राहतात.

तो फोटो माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे त्याची वाटणी मला करता येत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. कोपर माझं आहे, एवढं मात्र नोंदवून ठेवावं.

कलम चौथे: दहा हात

आता जे सांगते ते मी कुणाला आपणहून सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगते, म्हणजे मागाहून कुणी गोड करून सांगायला नको.

त्या पुस्तकात पाचवीच्या मुलांना एक गणित आहे. तीस हात लांब धाग्यांचे तीन पेड एकत्र वळले तर दोर किती हात लांब होईल? मागे उत्तर दिलं आहे: तीस हात.

चूक. दोर वळणाऱ्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. धाग्यांना पीळ दिला की ते आखडतात, मग तीन पेड एकमेकांवर उलटे वळले की आणखी आखडतात. तीस हात धागा ताणलात तर वीस-एकवीस हात दोर हाती येतो. बाईंनी आठवडाभर कडेला उभं राहून सगळं लिहून घेतलं, फक्त तयार दोर मोजला नाही. एकदा तरी चाकाला हात लावला असता तर कळलं असतं.

मला हे कळलं नातीमुळे. ती पाचवीत होती, माझ्याकडे बसून घरचा अभ्यास करत होती. मी वाचलं. मागचं उत्तर बघितलं. नात म्हणाली, "आजी, बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, "पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार."

सोळा वर्षं मी हे पोटात ठेवलं. दर वर्षी पाचवीची मुलं तीस लिहीत गेली आणि बरोबरची खूण मिळवत गेली. मी वाट बघत होते की कुणीतरी मोठा माणूस भर सभेत उठेल आणि तिला म्हणेल, बाई, तुम्हाला दोरातलं काही कळत नाही. मुलं चुकीचं शिकतायत याचं मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण दुसऱ्या गोष्टीचं बरं जास्त वाटत होतं. लिहा, वकीलसाहेब, गाळू नका.

वकीलसाहेब बाईंच्याच शाळेत शिकलेले. मी त्यांना आत्ता विचारलं, "तीस हाताचे तीन पेड, दोर किती?" ते पटकन म्हणाले, "तीस." आणि मग लिहिता लिहिता थांबले.

कुणीही मोठा माणूस उठला नाही. नात उठली. ती आता त्याच शाळेत शिकवते. शाळेने तिला सांगितलं, जुन्या पुस्तकाला वीस वर्षं होऊन गेली, पहिली ते आठवीचा सगळा दोराचा अभ्यास नव्याने बांध. तिने पोरांना दोरवाटेवर आणलं आणि आधी मोजायला लावलं. धागा तीस हात. वळून झाल्यावर मोजला, तर वीस. एक मुलगी रडकुंडीला येऊन नातीला म्हणाली, "बाई, आमचा दोर कुणीतरी कापला!" दुसरीने शेजारच्या गटाची झडती घेतली. भांडण लागलं. मी पायरीवर बसून बघत होते आणि नात माझ्याकडे बघत होती.

मुलं गेल्यावर ती आली.

"आजी, बाकीचे हात कुठे गेले?"

"पिळात."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मी पाचवीत असताना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारलं होतं, आजी."

ती उठून गेली. बारा दिवस आली नाही. कुठे जात होती ते मला कळलं. बाईंकडे. मला वाटलं, झालं, हीसुद्धा तिचीच. दोर माझा, वाट माझी, नातही माझ्याच मुलाची, आणि शेवटी सगळं कडेला उभं राहून लिहिणारीकडे जायचं.

आणि बाईंनी काय केलं असेल? चूक कळल्यावर तोंड लपवलं असेल? छे. तिने शाळेला पत्र लिहिलं की माझ्या पुस्तकात चूक आहे, आणि नातीला म्हणाली, हीच चूक नव्या अभ्यासाच्या मध्यभागी ठेव. पहिलीच्या मुलाने पावलांनी मोजावं, चौथीच्याने वजाबाकी करावी, सातवीच्याने प्रमाण काढावं, सगळ्यांना एकच प्रश्न: हात कुठे गेले? शाळाभर वाहवा झाली. बाई किती मोठ्या मनाच्या, स्वतःची चूक सांगितली. मी सोळा वर्षं जपून ठेवलेली तिची चूक, तीसुद्धा तिच्याच कामी आली.

तेराव्या दिवशी नात आली, वही घेऊन. म्हणाली, "बाईआजी म्हणतात, यापुढचं ताईला विचार. मला दोरातलं कळत नाही हे सिद्ध झालंय."

माझा विश्वास बसला नाही. अजूनही पूर्ण बसलेला नाही. पण वही ठेवून घेतली. त्या वहीत माझ्या हत्यारांची जी वाटणी झाली ती पुढच्या कलमात.

कलम पाचवे: हत्यारं, इयत्तेप्रमाणे

वकीलसाहेबांनी इथे कपाळाला हात लावला. "आजी, हे मृत्युपत्र आहे की अभ्यासक्रम?" मी म्हटलं, मेलेल्या माणसाचं लोक ऐकतात, जिवंत असताना अर्ध्या तिसरीवाल्या बाईचा अभ्यासक्रम कुणी उघडलाही नसता. म्हणून इथेच लिहा.

ताग, अंबाडी आणि काथ्या यांचे जेवढे गुच्छ माळ्यावर आहेत ते सगळे पहिलीला. पाटी नाही, वही नाही. डोळे मिटून हात लावायचा, हुंगायचं आणि कुठला ते ओळखायचं. नाकाने शिकलेलं विसरत नाही. बाईंच्या पुस्तकात पहिलीच्या मुलांना दोराचं चित्र रंगवायला दिलं आहे. खरा दोर समोर असताना चित्र कशाला?

दुसरीला हत्यार काही नाही, वाट आहे. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाने उलटं चालायचं, दुसऱ्याने समोरून बोलून चालवायचं. डावीकडे सर, दगड आहे, थांब. पडला तर चूक बोलणाऱ्याची. भाषेचा तास म्हणतात तो हाच. शब्द नीट नाही वापरला तर कुणाचा तरी गुडघा फुटतो, हे सातव्या वर्षीच कळलेलं बरं.

तिसरीला माझी गाठींची फळी. अकरा गाठी आहेत. मुलांनी घरी जाऊन विचारायचं की आपल्याकडे काय काय बांधलं जातं आणि कुठल्या गाठीने, आणि ते लिहून आणायचं. तिसरीच्या पुढच्या अर्ध्या वर्षात काय शिकवतात ते मला माहीत नाही. नातीने ते भरावं आणि भरल्यावर, मी असले तर, मला वाचून दाखवावं.

चौथीला वजनं आणि वरचा लोखंडी आकडा. दोर आकड्याला लटकवायचा आणि तुटेपर्यंत दगड चढवायचे. आधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा. मागाहून खोडायचा नाही. खोडणाऱ्याला पुन्हा दगड उचलायला लावायचे.

पाचवीला तीन खाचांचा लाकडी ठोकळा, ज्यातून तीन पेड वेगळे राहतात. माझ्या बापाने केलेला आहे. गणित तेच ठेवायचं, मागचं उत्तर छापायचं नाही. तिथली जागा कोरी. प्रत्येक वर्गाने स्वतः वळून, मोजून भरायची. एकाचं वीस येईल, एकाचं बावीस. दोन्ही बरोबर, कारण प्रत्येकाचा पीळ वेगळा. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, हे मी बावीस वर्षांत लिहिलं नसतं." मी म्हटलं, "माहीत आहे." त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

सहावीला माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे नायलॉनचा दोर आल्यावर सहा वर्षांत सगळी गिऱ्हाइकं कशी गेली ती. मी ती नातीच्या फोनमध्ये बोलून ठेवली आहे. त्यात शिव्या आहेत. शाळेने काढू नयेत. कापल्या तर गोष्टच उरत नाही.

सातवीचं प्रमाण, कोन वगैरे मला कळत नाही. नात बघेल. त्यांना जुनं मोडकं चाक द्यावं, खोलून पुन्हा जोडायला. जोडताना एखादा खिळा उरला तर उरू दे, मीही जोडलं तेव्हा दोन उरले होते.

आठवीला चालू चाक. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक दोर वळायचा, ज्याला खरंच लागतो अशा माणसाला द्यायचा आणि वर्षभराने जाऊन बघायचं, टिकला का. नुसती परीक्षा घेऊन गुण देणाऱ्यांना हे आवडणार नाही, कारण गुण द्यायला वर्षभर थांबावं लागेल. थांबावं.

कलम सहावे: पुस्तकावरचं नाव

नव्या पुस्तकावर कुणाचं नाव, यावरून नातीशी माझा वाद झाला.

"आजी, तुझं आणि बाईआजींचं, दोघींचं घालते."

"कुणाचं वर?"

"अक्षरांच्या क्रमाने."

"मग तिचं वर येतं."

"हो."

"मग वयाच्या क्रमाने लाव."

"आजी, तू एक्याऐंशी वर्षांची आहेस!"

"तेच म्हणते. मी मोठी आहे."

शेवटी असं ठरलं, आणि इथे नोंदवते: पुस्तकावर नाव एकट्या नातीचं. बांधलं तिने, आठ वर्गांची भांडणं सोडवली तिने, दोन म्हाताऱ्यांची तर रोजच. आत आमच्या दोघींची नावं एका ओळीत शेजारी शेजारी. माझं डावीकडे.

कलम सातवे: दोरवाट

दोरवाट, तिच्यावरचं छप्पर, कडेचं झाड आणि फाटक, हे सगळं माझ्या नातीला, संपूर्ण मालकीने. अट एक: ती शाळेच्या मुलांना दोरवाट चालायला देईल, वर्षातून निदान चार महिने. गाड्या उभ्या राहणार नाहीत. फाटकावर कुणाच्याही नावाची पाटी लागणार नाही. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तिच्या नावाने केंद्र काढायचं घाटलं होतं, पाटीचं चित्रसुद्धा करून आणलं होतं. चित्र सुरेख होतं. म्हणूनच मी ते चुलीत घातलं.

पण माझ्या बहिणीला, तिच्या हयातीपुरता, आठवड्यातले दोन दिवस दोरवाटेवर मुलांना शिकवण्याचा हक्क मी देत आहे. तो कुणाला काढून घेता येणार नाही, नातीलाही नाही. तिला शिकवता येतं. माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी मुलांना दोर दाखवू शकते. ती मुलांना बघायला लावते. या वाक्यावर माझा जळफळाट होतो आहे, पण वाक्य खरं आहे.

आता साक्षीदारांचं. वकीलसाहेबांनी नियम सांगितला की मी सही करताना दोन साक्षीदारांनी समोर बसून बघितलं पाहिजे, मग त्यांनी सह्या करायच्या. मी म्हटलं, एक डॉक्टरीणबाई, दुसरी माझी बहीण.

ते म्हणाले, "तुमच्या बहिणीला साक्षीदार करता येणार नाही, म्हणजे करता येईल, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्ष दिली तर त्याचं जे काही असेल ते रद्द होतं. बाईंनी सही केली की दोरवाटेवरचा त्यांचा हक्क गेला."

"मग?"

"मग दुसरं कुणी साक्षीदार घ्या."

मला दुसरं कुणी नको होतं. मी त्यांना सांगितलं, बाईंना बोलवा, वाचून दाखवा, आणि तिलाच ठरवू दे. काल ती आली. ती दारातून आत शिरल्याबरोबर वकीलसाहेब उठून उभे राहिले. माझ्या घरात, मी बोलावलेले वकील, तिला बघून उभे राहिले! मी आल्यावर कुणी कधी उठलं नाही. असो.

त्यांनी तिला सगळं वाचून दाखवलं, कोपरापासून तीस हातांपर्यंत. हक्काचं आणि साक्षीचं समजावून सांगितलं. मी बघत होते. मला वाटत होतं, ती हक्क घेईल. दोरवाटेवर शिकवायला मिळावं म्हणून दोन वर्षं माझ्या मागे लागली होती. आणि घेतला असता तर मला तिला आयुष्यभर म्हणता आलं असतं, बघ, शेवटी माझ्याकडून घेतलंसच.

ती म्हणाली, "मी साक्षीदार होते."

"हक्क जाईल," वकीलसाहेब म्हणाले.

"जाऊ दे. शिकवायचं असेल त्या दिवशी नातीला विचारून येईन. नाही म्हणाली तर कुंपणाबाहेर उभी राहून बघेन. बघायची मला सवय आहे."

"बाई," मी म्हटलं, "मोठेपणा करू नकोस माझ्यासमोर."

"मोठेपणा नाही ताई. तुला तुझ्या साक्षीला मी हवी आहे. तू माझ्याकडे आजपर्यंत काही मागितलं नव्हतंस."

वकीलसाहेब म्हणाले, मग तो हक्काचा परिच्छेद काढून टाकू, उगाच घोटाळा नको. मी काढू दिला नाही. कायद्याने तो रद्द झाला तरी कागदावर राहील. मी दिलं होतं हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. तिने घेतलं नाही हेही कळेल, त्याला माझा इलाज नाही. मृत्युपत्र माझं, मालमत्ता माझी, आणि त्यातही शेवटी शोभून तीच दिसली.

मला तीच साक्षीदार का हवी होती, ते सांगून संपवते. वकीलसाहेब म्हणाले की नियम कडक आहे: साक्षीदाराने लक्ष दुसरीकडे वळवायचं नाही, सही पूर्ण होईपर्यंत बसून बघायचं. मी अंगठा देऊ शकते असंही ते म्हणाले. मी देणार नाही. माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एक एक अक्षर काढत मी लिहिणार आहे. त्याला वेळ लागतो. डावा डोळा साथ देत नाही. लागू दे. सगळं आयुष्य मी तिला लिहिताना बघितलं. कायद्याने आता तिने बसायचं आणि मला बघायचं. मधे बोलायचं नाही, आणि अक्षर सुचवायचं नाही.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, खिडकीजवळ, उजेडात
दिनांक: सोमवार, महिन्याची एकोणीस तारीख, सकाळी साडेदहा

मृत्युपत्र करणार: (सही, पूर्ण नावाने, स्वहस्ते) दोर वळणारी

आम्ही खालील दोघींनी वरील सही आमच्या डोळ्यांदेखत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत होताना पाहिली आहे.

साक्षीदार पहिली: (सही) डॉक्टरीण, शेजारच्या गल्लीतल्या

साक्षीदार दुसरी: (सही) निवृत्त मुख्याध्यापिका. सही करणारीची धाकटी बहीण. पूर्ण पाहिली. नऊ मिनिटं लागली. मी काही सुचवलं नाही.